अडीचशे डॉलरची नोकरी

गोष्ट सप्टेंबर १९९० मधली. टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य कोच पॅट समिट पेनसिल्व्हेनियात एका शाळकरी मुलीच्या घरी गेली होती. मिशेल मार्सिनियाक तिचं नाव. शाळेतल्या खेळाडूंमध्ये देशात वरच्या नंबरची, त्यामुळे ती आपल्याकडे यावी म्हणून बरीच विद्यापीठं टपलेली. समिटचे दिवस भरत आले होते, आणि नेमकी त्याच दिवशी पाणमोट फुटली. तरी भेट रद्द झाली नाही. मुलीशी, तिच्या आईवडिलांशी जे बोलायचं ते बोलून मगच बाई परतीच्या विमानात बसल्या. वाटेत कळा वाढल्या. व्हर्जिनियात उतरू या, असं सोबतच्यांचं म्हणणं पडलं. समिटने साफ नकार दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाने जादा वेळेत टेनेसीला हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं आणि शेवटच्या चार संघांचे सामने त्या साली टेनेसीच्याच गावी, नॉक्सव्हिलला होते. घरच्या मैदानावर दुसऱ्यांचे सामने बघायची वेळ आणणाऱ्या त्या राज्यात आपलं मूल जन्माला येणार नाही, हे बाईंनी ठरवूनच टाकलं होतं. टायलर जन्मला तो नॉक्सव्हिललाच.

एवढं करून ती मुलगी गेली नोटर डेम विद्यापीठात! पण वर्षभराने तिने टेनेसीची वाट धरली, आणि १९९६ मध्ये टेनेसीने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात नोकरी घालवली. ही हकीगत स्टाफरूममध्ये सांगितली की सहकारी प्राध्यापकांचा एकच प्रश्न असायचा: एका खेळाडूसाठी एवढं? त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे कॉलेजचा कोच म्हणजे पीटीचे सर किंवा बाई. गळ्यात शिट्टी, बगलेत रजिस्टर, झोनलच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही आणायची, एसटीची तिकिटं जपून ठेवून डी.ए.चं बिल काढायचं आणि ॲडमिशन घेऊन आलेल्या मुलींतून ज्यांना चेंडू नीट टप्पे देत नेता येतो अशा बाराजणी निवडायच्या. मुली निवडून आणायला मी कधी कोणाच्या घरी गेले नाही. गेले असेन तर परवानगी मागायला. ‘इंटरझोनलला मुक्काम आहे, मी स्वतः सोबत आहे, मुलगी सुखरूप आणून सोडते,’ एवढं सांगायला.

अमेरिकेत प्रकरणच वेगळं. तिथे विद्यापीठाचा संघ हे त्या गावाचं दैवत असतं. वीस-वीस हजारांची स्टेडियम, टीव्हीचे करार, आणि कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीतून सगळ्यांत जास्त पगार घेणारी व्यक्ती म्हणजे गव्हर्नर नव्हे, तर विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच. खेळाडूंना मात्र तेव्हा पगार नसायचा. फी माफ, राहणं-जेवण फुकट आणि चार वर्षं खेळायची मुभा. कोचच्या नोकरीतली खरी मेख या चार वर्षांत आहे. व्यावसायिक संघाचा कोच एक तयार खेळाडू दहा वर्षं वापरू शकतो. कॉलेजच्या कोचने सतरा वर्षांची पोर हेरायची, तिला पटवून आणायची, घडवायची, आणि ती हाताशी आली रे आली की पदवी देऊन निरोप द्यायचा. दरवर्षी संघाचा एक कोपरा रिकामा होतो. त्यात मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की सामान बांधायचं. अशा व्यवस्थेत समिटने अडतीस हंगाम काढले, १०९८ सामने जिंकले, २०८ हरले आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एकाही हंगामात तिच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत.

हे आकडे मला आधीही पाठ होते. पण बाई कोणत्या मातीतली हे कळलं ते मुलाकडे ओक रिजला राहायला लागल्यावर. अणुबाँबसाठी युरेनियम तयार करायला दुसऱ्या महायुद्धात वसवलेलं हे गाव नॉक्सव्हिलपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. माझा मुलगा तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करतो. सुनेने पहिल्याच रविवारी मला नॉक्सव्हिलच्या महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेमला नेलं. छपरावर तीस फुटी, दहा टन वजनाचा बास्केटबॉल बसवलाय. लांबून बघितल्यावर मला हसूच आलं. एखाद्या गणेश मंडळाला शोभला असता. आत मात्र मी इतकी रमले, की सुनेला पार्किंगचे पैसे दोनदा भरावे लागले.

पॅटचा जन्म १९५२ चा. टेनेसीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी, तीन मोठ्या भावांच्या पाठीवरची मुलगी. नंतर एक धाकटी बहीण. घरात तिला ट्रिश म्हणत. दुभती जनावरं, तंबाखू, वैरण अशी बारमाही कामं. वडील रिचर्ड हेड साडेसहा फुटांच्या आसपास उंच आणि बोलायला महाग. पोरीला ट्रॅक्टरवर बसवायचं, काम एकदा दाखवायचं आणि आपण निघून जायचं, ही त्यांची शिकवण्याची रीत. संध्याकाळी कामं उरकली की गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या गंजीशेजारी टांगलेल्या रिंगवर भावंडांचे सामने रंगत. भाऊ मुलगी म्हणून हात आखडता घेत नसत. आणखी एक नियम होता: शाळा बुडवायची नाही. आजारी असलं तरी नाही. बारा वर्षांत तिची एकही गैरहजेरी लागली नाही.

तिच्या वाट्याला आलेल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. तेव्हा या अबोल वडिलांनी बिऱ्हाड हलवलं आणि शेजारच्या तालुक्यात, जिथे मुलींना खेळायला मिळायचं तिथे, घर केलं. आपल्याकडे असा बाप मी माझ्या सगळ्या नोकरीत एकच पाहिला. तो कोल्हापूरकडचा होता आणि त्याने घर हलवलं ते कुस्तीसाठी.

पण पॅटला शाळेत जे खेळायला मिळालं ते पुरतं बास्केटबॉल नव्हतंच. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथने हा खेळ शोधला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मुलींनी धावून दमू नये, धक्काबुक्की करू नये, म्हणून तिने मैदानाचे भाग पाडले आणि प्रत्येकीला आपापल्या भागात बांधून टाकलं. त्या काळी मुलींना खेळायला मिळणं हीच चैन होती, त्यामुळे बेरेन्सनला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर पुढच्यांना. कारण टेनेसीच्या शाळांत १९७० च्या दशकातही मुलींचा खेळ असाच चालायचा. एका संघात सहाजणी. तिघी अर्ध्या मैदानात, तिघी उरलेल्या अर्ध्यात. मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. पुढच्या तिघींनी बास्केट करायचं, मागच्या तिघींनी अडवायचं आणि चेंडू मिळाला की रेघेपाशी नेऊन पुढे द्यायचा. म्हणजे मागे खेळणारी मुलगी चार वर्षं शाळेकडून खेळली तरी सामन्यात एकदाही रिंगकडे चेंडू टाकायची नाही!

१९७६ मध्ये याच ओक रिजच्या हायस्कूलमधली एक मुलगी याविरुद्ध कोर्टात गेली. तिची तक्रार साधी होती: मी मागे खेळते, मला शूटिंग करताच येत नाही, मग विद्यापीठ मला शिष्यवृत्ती कशी देईल? तिच्या बाजूने साक्ष द्यायला पॅट उभी राहिली. मुलगी खालच्या कोर्टात जिंकली, वरच्या कोर्टात हरली. पण तोवर पॅट विद्यापीठाच्या संघाची कोच झाली होती आणि अर्ध्या मैदानावर वाढलेल्या मुली आपल्याला चालणार नाहीत, हे तिने उघड बोलून दाखवलं होतं. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात आपल्याच मुली नाहीत, ही नाचक्की शाळांच्या संघटनेला पेलवली नाही. १९७९ च्या हंगामापासून टेनेसीत मुलींना पूर्ण मैदान मिळालं. कारकिर्दीतल्या सामन्यांची बेरीज सगळे सांगतात. मला विचाराल तर तिचा सगळ्यांत मोठा विजय हा होता, आणि त्या १०९८ मध्ये तो धरलेला नाही.

आता त्या नोकरीकडे येऊ. १९७४ मध्ये ती टेनेसी विद्यापीठात आली ती सहायक म्हणून, एम.ए.ला बसतात तशा पदव्युत्तर शिक्षणासाठी. तेवढ्यात मुलींच्या संघाच्या कोचबाई सुट्टीवर गेल्या आणि ही बावीस वर्षांची पोरगी एकदम मुख्य कोच झाली. महिना अडीचशे डॉलर. तिच्या संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षभरानेच लहान होत्या. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला होता. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा तो कायदा. पण कायदा झाला म्हणून कपाटातून गणवेश बाहेर पडत नाहीत. मुलींनी डोनट विकून गणवेशांचे पैसे उभे केले. ते धुवायचे कोचने. सामन्याला जायचं ती व्हॅन चालवायची कोचने. मुक्कामाला हॉटेल नाही. समोरच्या संघाच्या जिममध्येच पथाऱ्या टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर खेळायचं.

हे वाचताना मला हसू येत होतं, कारण इतकं तर आपल्याकडच्या प्रत्येक पीटीच्या बाईने केलंय. आम्ही मुलींचे टी-शर्ट घरच्या बादलीत भिजवले आहेत. आमचं कोर्ट तर एका संमेलनाच्या मांडवासाठी खणलं गेलं आणि खड्डे बुजवायला पुढचा पावसाळा उजाडला. फरक असा, की आमचं तिथेच थांबलं.

शिवाय पॅट त्याच काळात स्वतः खेळाडू होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचा गुडघा गेला. त्या काळी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की खेळ संपला, असंच समजत. वडिलांनी डॉक्टरला बजावलं, की नीट करा, हिला ऑलिंपिकला जायचंय. तेव्हा महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये एकदाही खेळलं गेलं नव्हतं. ते पहिल्यांदा येणार होतं १९७६ मध्ये, मॉन्ट्रिऑलला. त्या दोन वर्षांत ती सकाळी शिकवायची, स्वतःचे वर्ग करायची, संघाचा सराव घ्यायची आणि उरलेल्या वेळात गुडघा वळवायची. मॉन्ट्रिऑलला अमेरिकेच्या संघाची ती सहकर्णधार होती. सोव्हिएत बायकांपुढे रौप्यपदक मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला तिच्याच प्रशिक्षणाखाली अमेरिकेने सुवर्ण घेतलं.

कोच म्हणून पहिलाच सामना ती एका गुणाने हरली, ८४-८३. समोर मर्सर विद्यापीठ होतं.

तिच्या कडकपणाच्या कथा पुष्कळ आहेत. सगळ्या मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकते. सुरुवातीच्या वर्षांत मुलींनी रात्री जागून पार्टी केल्याचं कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि मुलींना ओकाऱ्या होईपर्यंत पळवलं. एकदा परगावचा सामना हरून संघ परतला, तर पहिल्या अर्ध्या डावात तुम्ही खेळलाच नाहीत म्हणून घामाने भिजलेले तेच गणवेश पुन्हा चढवायला लावून तो अर्धा डाव रात्री खेळून घेतला. आज कोणी असं केलं तर पालकांचा मोर्चा येईल, आणि यावा. पुढे तिने स्वतःच हे प्रकार कमी केले. तिची ती प्रसिद्ध नजर मात्र शेवटपर्यंत राहिली. निळे डोळे रोखून ती नुसती बघायची आणि सहा फुटी मुलींची मान खाली जायची. टीव्हीचे कॅमेरे सामना सोडून तिच्या तोंडावर टपलेले असत.

पण नुसत्या दराऱ्यावर अडतीस वर्षं निघत नाहीत. तिच्या पद्धती बारकाईने पाहिल्या तर त्या फार हिशेबी होत्या. एक उदाहरण मला इतकं आवडलं, की मी ते माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. सरावात कोचने एखादीला टोकलं, की तिने फक्त ‘रिबाउंड’ म्हणायचं. कौतुक केलं, की ‘टू पॉइंट्स’ म्हणायचं. बस्स. टोकल्यावर सबब नाही, तोंड पाडणं नाही, ‘बाई, पण तिनेच पास उशिरा दिला’ नाही. आपल्या कानांवर शब्द पडला आणि आपण तो पकडला, एवढी पोच द्यायची. आणि कौतुकही ऐकून न ऐकल्यासारखं करायचं नाही. बहुतेक मुली बोलणी चटकन ऐकतात, कौतुक मात्र ऐकूच येत नाही. हे मैदानावर उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक असतं, पण त्यावर उपाय काढावा हे आमच्या डोक्यात आलं नाही.

मध्यंतरालाही तिची रीत निराळी. मुली ड्रेसिंग रूममध्ये गेल्या की कोच लगेच मागोमाग घुसायचे नाहीत. आधी मुलींनी आपसात ठरवायचं, काय चुकतंय आणि काय बदलायचं, ते फळ्यावर मांडायचं. मग पॅट आत यायची आणि आपलं सांगायची. सामन्याच्या शेवटच्या मिनिटात कोच मैदानात उतरू शकत नाही. तेव्हा विचार मुलींनाच करावा लागतो, त्याची ही तालीम.

आणि वर्ग. तास बुडवला तर सामना बुडाला, इतका सरळ व्यवहार. नुसतं वर्गात असून भागायचं नाही, पहिल्या तीन रांगांतच बसायचं. साडेसहा फुटी वाटणाऱ्या मुलींच्या मागे बसलेल्या बिचाऱ्या पोरांना फळा दिसत असेल का, ही शंका मला आली. अडतीस हंगामांत जिने जिने आपला खेळण्याचा पूर्ण काळ टेनेसीत घालवला, तिने पदवी घेतली. एकही अपवाद नाही. ज्या व्यवस्थेत खेळाडूंना नावापुरतं वर्गात बसवल्याचे प्रकार दर काही वर्षांनी उघडकीला येतात, तिथे हे मला विजेतेपदांपेक्षा अवघड वाटतं.

तमिका कॅचिंग्जचं सांगायलाच हवं. जन्मापासून तिला कमी ऐकू येई. लहानपणी मुलांनी चिडवलं म्हणून तिने कानातलं यंत्र फेकून दिलं होतं आणि ओठ वाचून, खाणाखुणांवर ती देशातली अव्वल खेळाडू झाली होती. टेनेसीत आल्यावर पॅटने तिला पुन्हा यंत्र लावायला आणि वाचोपचाराला जायला तयार केलं. पुढे कॅचिंग्जने चार ऑलिंपिक सुवर्णं मिळवली. आणि शमीक होल्डस्क्लॉ, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आजीने वाढवलेली. तिच्या घरची भेट म्हणजे आजीची भेट. शहरातल्या वस्तीतून दक्षिणेतल्या त्या कडक शिस्तीत नात पाठवायची की नाही, हे ठरवणार होती आजी, आणि शिस्त आजीला पसंत पडली. होल्डस्क्लॉने १९९६, १९९७, १९९८ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली.

या तिन्हींत मधलं वर्ष मला सर्वांत रंजक वाटतं. १९९८ चा संघ ३९ सामने खेळला आणि ३९ जिंकला. त्यात कॅचिंग्जसह चार नव्या मुली होत्या आणि त्या येईल त्याला तुडवत गेल्या. असा संघ हाताशी असेल तर कोचचं काम सोपं असतं असं मी म्हणणार नाही, पण तो तोलायचा असतो, उभा करायचा नसतो. १९९७ चा संघ मात्र दहा सामने हरला होता. टेनेसीत हे आक्रीत होतं. तिथले प्रेक्षक दोन हरले तरी सुतक पाळतात. दुखापती, चुका, आपसातली कुरबुर, सगळं होतं. आणि मार्चमध्ये हाच संघ एकामागून एक सामने काढत गेला आणि ओल्ड डोमिनियनला हरवून विजेता ठरला. दहा पराभवांनंतर मुलींना आपल्यावर विश्वास ठेवायला लावणं ही कला कुठल्या क्लिनिकमध्ये शिकवत नाहीत. आम्ही रिफ्रेशर कोर्सला जायचो तिथे तर मुळीच नाही.

१९९६ च्या विजयानंतर आणखी एक गोष्ट घडली. त्या दिवशी वडिलांनी तिला मिठी मारली. पहिल्यांदा. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि ही तिची चौथी राष्ट्रीय ट्रॉफी होती.

या कारकिर्दीत सगळंच चढतं नव्हतं. कनेटिकट विद्यापीठाचा कोच जेनो ऑरिएमा हा तिचा खरा प्रतिस्पर्धी. इटलीतून लहानपणी आलेला, तोंडाचा फटकळ, विनोदी. १९९५ पासून दोघांची जुगलबंदी सुरू झाली आणि महिला बास्केटबॉल टीव्हीवर खपू लागलं ते मुख्यतः या दोघांमुळे. अंतिम सामन्यांत टेनेसी चार वेळा त्याच्याकडून हरली: १९९५, २०००, २००३, २००४. १९९८ नंतर नऊ वर्षं तिला विजेतेपद नव्हतं. बाईंचा काळ संपला, असं लोक लिहू लागले. मग कँडेस पार्कर ही खेळाडू आली आणि २००७, २००८ अशी आणखी दोन विजेतेपदं लागोपाठ मिळाली. त्याच २००७ मध्ये पॅटने ऑरिएमाच्या संघाशी ठरलेले वार्षिक सामने बंद केले. दोघांत धुसफुस बरीच झाली होती. पण २०११ मध्ये ती आजारी असल्याचं कळल्यावर तिच्या प्रतिष्ठानाला पहिली मोठी देणगी, दहा हजार डॉलरची, ऑरिएमाने दिली.

आजार स्मृतिभ्रंशाचा होता, अल्झायमर्स, आणि वय अवघं एकोणसाठ. जिला समोरच्या संघाच्या चाली तोंडपाठ असत, ती कोणती चाल सांगायची ते विसरू लागली होती. ऑगस्ट २०११ मध्ये तिने ते स्वतः जाहीर केलं आणि आणखी एक हंगाम बाकावर बसून पूर्ण केला. हातातलं बरंचसं काम सहायकांनी, विशेषतः तिचीच जुनी खेळाडू हॉली वॉर्लिकने, उचललं. संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांपर्यंत पोचला. एप्रिल २०१२ मध्ये तिने पद सोडलं, २८ जून २०१६ रोजी ती गेली. पूर्ण आयुष्य नोकरी एकाच ठिकाणी. पुरुषांच्या संघाचं पद घेणार का, अशी विचारणा विद्यापीठात झाली होती. तिने ते नाकारलं, कारण त्याला बढती का म्हणायचं हेच तिला कळत नव्हतं. २००६ मध्ये तिचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला. महिला संघाच्या कोचला इतका पगार त्याआधी कोणी दिला नव्हता.

तिचा १०९८ चा विक्रम २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरविअरने मोडला, पुढे ऑरिएमा तिच्याही पलीकडे गेला. नियमही पार बदलले. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवता येतात, आणि विद्यापीठ बदलणं इतकं सोपं झालंय की कोचला दरवर्षी स्वतःच्याच मुली पुन्हा पटवाव्या लागतात. पॅट असती तर काय केलं असतं, यावर ओक रिजच्या आमच्या शेजाऱ्यांशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, तिला हे जमलं नसतं. माझ्या मते पैशाचं तिला काही वाटलं नसतं. मुलींना मिळतंय म्हणून बरंच वाटलं असतं. पहिल्या तीन रांगांवर मात्र ती अडून बसली असती.

टेनेसीला २००८ नंतर विजेतेपद मिळालेलं नाही. वॉर्लिकला २०१९ मध्ये जावं लागलं. तिच्या जागी आली केली हार्पर, म्हणजे १९९६ ते १९९८ ची ती तिन्ही विजेतेपदं मैदानात उतरून जिंकलेली मुलगी. पाच हंगामांनी, २०२४ मध्ये, तिलाही काढलं. आता पगार मोठे आहेत, आणि कोणी थांबायला तयार नाही. शेजारी म्हणाले, पाच वर्षं कमी का होतात? मी पॅटबद्दल काढलेलं टिपण त्यांना दाखवलं. १९७४ मध्ये सुरुवात. १९८० ला अंतिम सामना हरली, १९८१ ला हरली, १९८४ ला पुन्हा हरली. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९८७ मध्ये, लुइझियाना टेकला ६७-४४ असं हरवून. तेराव्या हंगामात. आणि तोवर तिला काढून टाकावं असं विद्यापीठात कोणाच्या मनातही आलं नाही, कारण अडीचशे डॉलरवर व्हॅन चालवणाऱ्या आणि गणवेश धुणाऱ्या कोचच्या जागेवर कोणाचा डोळाच नव्हता.